यंदा घर आगा झटकतील

४ इस्फंद, शुक्रवार

ही डायरी गेल्या ईदला, नवं वर्ष लागलं तेव्हा, विमा कंपनीनं फुकट दिलेली. अकरा महिने कपाटात पडून होती. आज माझी बायको तूबा कपाट आवरत बसली होती, तिनं ती माझ्यापुढं आपटली आणि म्हणाली, "एक तर लिहा, नाहीतर रद्दीत द्या." मी म्हटलं, लिहितो. फुकट मिळालेली वस्तू रद्दीत घालणारा माणूस मी नव्हे. वर्षाचा शेवटचा महिना उरलाय, म्हणजे फार लिहावंही लागणार नाही.

तर लिहिण्यासारखं एवढंच, की परवा आम्ही शिराझहून घरी, काझेरूनला परत आलो. तूबाच्या काखेत गाठ आली होती, ती काढली. बोराएवढी होती. डॉक्टरनं ती तपासायला पाठवलीय. हे लोक सगळंच तपासायला पाठवतात, त्यांचा धंदाच तो. जवाब ईदच्या आधी येईल म्हणाले. तोवर तिनं उजवा हात वर करायचा नाही, जड उचलायचं नाही.

निघताना डॉक्टरनं मला एकट्याला दाराबाहेर बोलावलं. म्हणाला, "जवाब आला की तुम्हाला सांगू, तुमच्या खानुमना नाही." यात नवल काही नाही. असल्या गोष्टी आजारी माणसाला थेट कोण सांगतं? माझ्या सासूच्या वेळीही डॉक्टरनं मलाच सांगितलं होतं आणि मी तिला शेवटपर्यंत "पोटात वारा धरलाय" एवढंच सांगत राहिलो. इतका बेमालूम वागलो, की बिचारीला कणभर शंका आली नाही. बाहेरून आत आलो तर तूबा माझ्याकडं टक लावून बघत होती. मी हवामानाविषयी बोललो.

मला मुळीच काळजी वाटत नाही. लिहून ठेवतो.

६ इस्फंद, रविवार

आज संकट कोसळलं. चहा पिताना मी सहज म्हटलं, यंदा घर झटकायला बाई लावू. ईदच्या आधी घर झटकणं म्हणजे काय, ते या गावातल्या नवऱ्यांना विचारा. छतापासून चमच्यापर्यंत काही सुटत नाही. बस चालवत होतो तेव्हा मी या दिवसांत जादा फेऱ्या मागून घ्यायचो. रिटायर झाल्यापासून इस्कंदरच्या घरी जाऊन बसतो. तो माझ्या बसवर क्लीनर होता, लग्न केलं नाही, त्यामुळं त्याच्या घरात कोणी काही झटकत नाही.

तूबा म्हणाली, "बाई नको."

"मग मर्जानला बोलावू." मर्जान आमची मुलगी, शिराझला असते.

"तिला तिचं घर आहे. यंदा घर आगा झटकतील."

"कोण आगा?"

"या घरात किती आगा आहेत?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मी खुर्चीवर बसून सांगेन, तुम्ही करायचं. आणि नुसतं हातानं नाही, डोक्यानं. लक्षात राहिलं पाहिजे."

लक्षात ठेवून काय करायचंय? पुढच्या वर्षी तिचा हात बरा झालेला असेल. पण तूबाशी वाद घालण्यापेक्षा घाटात उलट्या दिशेनं बस नेणं सोपं.

पडदे काढले. शिडीवर मी, खाली ती. "कड्या मोजून वाटीत ठेवा. थंड पाणी. पिळू नका! पिळू नका म्हटलं ना, आगा, तो पडदा आहे, तुमचा मोजा नाही." ओलेच टांगले, म्हणे त्यांच्या वजनानंच सुरकुत्या जातात. हे मात्र मानलं, खरंच गेल्या. संध्याकाळी पाठ मोडून आली होती. तूबानं डाव्या हातानं पाठीला तेल लावलं आणि विचारलं, "पडद्याला पाणी कसलं?" मी म्हटलं, थंड. "शाबास," म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

९ इस्फंद, बुधवार

स्वयंपाकघर. हे प्रकरण बाहेरून दिसतं तेवढं छोटं नाही. सगळे डबे, बरण्या, पातेली अंगणात काढली, फळ्या सोड्यानं पुसल्या, परत लावल्या. मग परीक्षा सुरू झाली.

तूबा डोळे मिटून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "समजा मी घरात नाही. हळद कुठंय?"

"तू कुठं गेलीस?"

"बाजारात. हळद?"

मी तीन डबे उघडले. धने, दालचिनी, आणि एक कसलीशी पूड जिनं मला शिंका आणल्या. तूबानं डोळे उघडले नाहीत. "आयुष्यभर पिवळा मासा खाल्लात, तो पिवळा कशानं होतो हे बघितलं नाहीत?"

"मी रस्त्याकडं बघत होतो. चाळीस माणसं मागं बसलेली असायची."

"आता मागं कोणी नाही. शोधा."

सापडली. वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. तिथं का ठेवतात ते खुदा जाणे. मी ती खाली, चहाच्या डब्यामागं ठेवली, हाताशी. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करील. ती नुसती म्हणाली, "असू दे. तुम्हाला सोपं पडेल तिथं ठेवा." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या स्वयंपाकघरात मला सोपं पडेल असं आजवर काही ठेवलेलं नाही. औषधांचा परिणाम असावा.

मग भात शिकवला. तांदूळ आधी मिठाच्या पाण्यात, मग उकळायचा, गाळायचा, मग दम. माझ्या भाताचा चिखल झाला. आम्ही दोघांनी तो खाल्ला.

१३ इस्फंद, रविवार

अख्खा मसूर भिजत घातला, ईदला मांडायच्या ताटातल्या हिरव्या अंकुरांसाठी. तोही मीच. रोज दोनदा पाणी शिंपडायचं, वर ओला कपडा. रजया उन्हात घातल्या, घडीत तंबाखूची पानं ठेवली कसरीसाठी, पेटीत भरल्या.

तूबानं तिचा निळा लोकरी कोट तिच्या वहिनीला देऊन टाकला. नवाच होता, दोन थंड्या वापरलेला. मी म्हटलं, का गं? म्हणाली, "रंग मला शोभत नाही." मला बरं वाटलं. या बाईनं आजवर एक चिंधी घराबाहेर जाऊ दिली नव्हती, आता कुठं तिला शहाणपण सुचतंय. मी म्हटलं, "असंच सगळं देत जा, घर मोकळं होईल." ती पेटीचं झाकण पुसत राहिली. पुसलेलंच होतं ते.

मर्जानचा फोन आला. शिराझच्या तपासणीचा जवाब सव्वीस तारखेला, शनिवारी हातात येईल. मला आज दुपारी उगाच धडधडलं. उन्हात रजया उचलल्यामुळं असेल.

१४ इस्फंद, सोमवार

आज गालिचा. पाहुण्यांच्या खोलीतला, लाल. तूबाच्या आईनं, म्हणजे ननेनं, स्वतः विणून लेकीला लग्नात दिलेला. आमच्या घरात एखादवेळी मी हरवलो तर चालेल, त्या गालिच्याचा एक धागा हलता कामा नये. तो धुण्याच्या दुकानात जात नाही. तूबा दर दोन वर्षांनी अंगणात स्वतः धुते.

"फक्त चुबकच्या मुळांचं पाणी," तिनं बजावलं. "कपड्याची पावडर लावलीत तर हात तोडीन."

"कुठल्या हातानं? तुझा तर वर जात नाही."

"डावा आहे अजून."

इस्कंदरला मदतीला बोलावलं. "या अली" म्हणत गालिचा अंगणात आणला, फरशीवर पसरला, चुबकचं पाणी ओतून लाकडी फावड्यानं ओढत बसलो. चुबक नावाला साबणाचं मूळ, पण फेस येता येईना. तासभर घासलं तरी गढूळ पाणी ते गढूळच. तूबा तेवढ्यात नमाजाला आत गेली. इस्कंदर म्हणाला, "उस्ताद, कोण बघतंय?" मी अर्धी वाटी पावडर टाकली. अर्धीच. काय फेस आला म्हणून सांगू! पाच मिनिटांत पाणी निवळ.

गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलाय. खालून बघितला तर नवा कोरा दिसतो. तूबानं खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "नने खूष होईल." नने वारून जमाना झाला, पण असो. स्तुती ती स्तुती.

१७ इस्फंद, गुरुवार

माझं वाटोळं झालं.

गालिचा वाळला. इस्कंदर आणि मी तो खाली आणून खोलीत घातला, कोपरे नीट ओढले, मी दारात जाऊन उभा राहिलो. गालिचा काळवंडला होता. डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल होता तो कलेजीसारखा दिसत होता. मधली पांढरी फुलं राखेच्या रंगाची. सगळ्या खोलीवर संध्याकाळ पडल्यासारखं वाटत होतं आणि बाहेर लख्ख दुपार.

"पावडर," इस्कंदर म्हणाला. "रंग जळला, उस्ताद."

"तूच म्हणालास ना, कोण बघतंय!"

"मी विचारलं होतं. टाका असं म्हणालो नव्हतो."

बाहेर तूबाची चाहूल लागली. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात. तिला सांगितलं, फरशी ओली आहे, दोन दिवस आत जायचं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "काय झालं?" "काही नाही. हवा छान पडलीय." ती आणखी बघत राहिली आणि मग एकदम खाली बसली. थकली असेल.

काय तोंड दाखवू तिला? तिच्या आईच्या हातची तेवढी एकच वस्तू उरली होती.

१९ इस्फंद, शनिवार

इस्कंदर म्हणतो, व्हिनेगरनं रंग उघडतो. तूबा झोपली असताना खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसून अख्खा गालिचा व्हिनेगरनं पुसला. खिडकीकडच्या टोकाला पोचलो, मागं वळून बघितलं तर रंग परत आलेला! लाल, अगदी पूर्वीसारखा. नाचायचाच बाकी होतो. उठून दाराकडं आलो, पुन्हा बघितलं, तर पुन्हा कलेजी. म्हणजे व्हिनेगर दहा पावलंसुद्धा टिकत नाही. वर खोलीला लोणच्याच्या बरणीचा वास.

अंगणात, लिंबाच्या झाडामागं जाऊन मर्जानला हळूच फोन केला. सांगितलं, शिराझच्या बाजारात गालिचे दुरुस्त करणारा कोणी चांगला माणूस शोध, आणि आईला एक अक्षर कळू देऊ नकोस. वळलो तर तूबा खिडकीत. मी फोन खिशात घातला, लिंबं तोडत होतो असं दाखवलं. झाडावर एकही लिंबू नाही, हे नंतर लक्षात आलं.

२१ इस्फंद, सोमवार

तूबाला काही झालंय. ती माझ्याशी चांगली वागते.

परवापासून एकदाही ओरडलेली नाही. काल मी बूट घालून थेट गालिच्यावर, म्हणजे बैठकीतल्या साध्या गालिच्यावर चढलो, ती नुसती बघून हसली. जेवताना भाताची खालची कुरकुरीत खरवड, जिच्यासाठी आमच्या घरात भांडणं व्हायची, तिनं सगळी माझ्या ताटात वाढली. माझ्या घशाखाली उतरेना. त्या कुलूपबंद दाराकडं पाठ करून बसलो तरी ते मला दिसतच होतं.

"खा ना, नौजर," ती म्हणाली. लग्न झालं तेव्हा ती मला नावानं हाक मारायची. मर्जान झाली आणि मी आगा झालो. "तुम्ही खाल्लं नाहीत तर कसं चालेल? तुम्ही धडधाकट राहिलं पाहिजे."

"मी धडधाकटच आहे."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही फार चांगले आहात. मला माहितीये तुम्ही कशासाठी गप्प आहात."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गालिच्याचं कळलं की काय! पण कळलं असतं तर ती अशी बसली असती? माझी तंगडी तोडली असती. मी म्हटलं, "कशासाठी काही नाही, हवा…" ती म्हणाली, "हो, हवा छान आहे," आणि माझ्या हातावर हात ठेवला.

इतक्या गोड बाईला फसवतोय मी. लाज वाटते. शनिवारी तिच्या तपासणीचा जवाब घेऊन मर्जान गालिचेवाल्यालाही विचारणार आहे. शनिवारचं नाव काढलं की छातीत काहीतरी होतं, आणि ते गालिच्यामुळं आहे असं मी स्वतःला सांगतो.

२४ इस्फंद, गुरुवार

वर्षातला शेवटचा गुरुवार. कबरस्तानात गर्दी. ननेची कबर गुलाबपाण्यानं धुतली, खजूर आणि हलवा वाटला. कबर धुणंसुद्धा यंदा मलाच शिकवलं, आधी डोक्याकडून, मग पायांकडं.

तूबा ननेच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवून म्हणाली, "ही जागा चांगली आहे. सावली असते." मी म्हटलं, "कबरस्तानात आलं की सगळ्यांना असलंच सुचतं." ती म्हणाली, "लक्षात मात्र ठेवा." आता हेही लक्षात ठेवायचं! पडद्याचं पाणी, हळद, रजया, आणि आता हे. मी रागावून म्हटलं, "माझं डोकं म्हणजे काय तुझी पेटी आहे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबपाणी उडालं असेल असं मी लिहिणार होतो. पण तसं नव्हतं.

मी ननेला मनातल्या मनात म्हटलं, माफ कर, तुझा गालिचा मी जाळला.

२५ इस्फंद, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

दुपारी जेवण झालं. मी ताटं उचलायला वाकलो तेव्हा तूबा म्हणाली, "ठेवा ती. बसा. जवाब आलाय ना?"

"कसला जवाब?"

"माझ्याशी खेळू नका, आगा. आठवडाभर बघतेय मी. अंगणात जाऊन कुजबुजत फोन, जेवण जात नाही, माझ्याकडं बघवत नाही, काही विचारलं की हवा छान आहे. ननेच्या वेळी तुमचं अगदी असंच होतं."

"ननेला काही कळलं नव्हतं!"

"ननेला पहिल्या दिवशी कळलं होतं," तूबा म्हणाली. "मला म्हणाली होती, जावयाचा जीव किती कासावीस होतोय बघ, त्याला वाटू दे मला कळलं नाही म्हणून. तुमचं मन मोडू नये म्हणून ती 'वारा धरलाय' म्हणत गेली. मला तसं जायचं नाही. मी हा सगळा महिना तुम्हाला शिकवण्यात घालवला. मी गेल्यावर तुम्ही मळक्या पडद्यांत बसून कोरडा नान खाल, मर्जानच्या दारात जाऊन पडाल, हे मला कबरीत झोपू देणार नाही. आता शिकवून झालं. आता फक्त खरं सांगा. ईद तरी दिसेल ना मला?"

समजा मी घरात नाही. हळद कुठंय. निळा कोट. सावलीची जागा. महिनाभर ही बाई मला तिच्या मागं जगायला शिकवत होती, आणि मी इथं औषधांचा परिणाम म्हणून लिहून ठेवत होतो. गाढव आहे मी, नंबर एकचं गाढव.

"तूबा," मी म्हटलं, "कुराणाची शपथ, जवाब उद्या यायचाय. मला काहीएक माहीत नाही."

"मग लपवताय काय?"

खिशातली किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली. "गालिचा. ननेचा गालिचा मी जाळला. पावडर घातली. अर्धी वाटी."

मग तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. काखेतली जखम धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. "गालिचा! मी आठवडाभर कफन शिवतेय मनात, आणि हा माणूस गालिचा!" मग हसताहसताच रडायला लागली, आणि मीही. दोघं उष्ट्या ताटांच्या मध्ये बसून रडलो. मला भीती वाटते, तूबा, असं मी तिला सांगितलं. गाठ काढली त्या दिवसापासून वाटते. तोंडानं पहिल्यांदाच बोललो.

तिनं डोळे पुसले. "गालिचा नंतर. उद्या मी तुमच्याबरोबर शिराझला येणार. आणि डॉक्टर जे काय सांगेल ते माझ्या तोंडावर सांगेल."

२६ इस्फंद, शनिवार

पहाटेच्या बसनं गेलो. ड्रायव्हर ओळखीचा, पोरगं आहे, वळणं तोडून घेतं. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. आज तूबाचा हात धरून बसलो.

दवाखान्यात मर्जान कागद घेऊन उभी होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, ओठ चावत होती. डॉक्टरनं कागद वाचला, चष्मा काढला आणि मला म्हणाला, "आगा, जरा बाहेर येता?"

माझे पाय निघाले होते. खरंच निघाले होते, सवय असते. मग मी थांबलो. "बाहेर कशाला? गाठ तिची होती. तिला सांगा. मी नुसता ड्रायव्हर."

डॉक्टर जरा गोंधळला. मग खुर्ची तूबाकडं वळवून म्हणाला, "खानुम, साधी चरबीची गाठ आहे. वाईट काही नाही. घरी जा, ईद साजरी करा."

"मग यांना बाहेर कशाला बोलावत होतात?" तूबानं विचारलं.

"बिल द्यायचं राहिलं होतं," डॉक्टर म्हणाला.

जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, त्याचा आवाज मला ऐकू आला. मर्जान आईच्या गळ्यात पडली. मी भिंतीला टेकून उभा होतो. आणि तूबाचे पहिले शब्द लिहून ठेवतो, म्हणजे मर्जानच्या मुलांना वाचता येतील: "अरे देवा, मग मी माझा कोट उगाच दिला!"

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, घोरत. महिनाभरात ती अशी झोपली नव्हती, हे मला आत्ता कळतंय.

२७ इस्फंद, रविवार

सकाळी तिनं किल्ली घेतली. मी मागं उभा राहिलो, सुळावर चढायला निघाल्यासारखा. दार उघडलं. व्हिनेगरचा भपकारा आला. तूबानं नाक दाबलं, दारातून गालिच्याकडं बघितलं. भिंतीकडेनं चालत खिडकीपाशी गेली, तिथून बघितलं. वाकली, तळहातानं लव कुरवाळली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"आगा," ती म्हणाली, "इस्कंदरला बोलवा."

"त्याला मारून आता काय उपयोग?"

"उलटा घातलाय तुम्ही. लव दाराकडं निजलीय. गालिच्याला झोपायची दिशा असते, लवेच्या टोकांकडून बघितला की काळाच दिसणार. जन्मभर गालिच्यावर बसलात, तो कुठं डोकं करून झोपतो हे माहीत नाही?"

इस्कंदर आला. आम्ही गालिचा उचलून फिरवला आणि पसरला. मी दारात आलो. खोली लख्ख. डाळिंबाचे दाणे, पांढरी फुलं, सगळं जिथल्या तिथं, उलट पूर्वीपेक्षा स्वच्छ. इस्कंदर म्हणाला, "बघा उस्ताद, पावडरनं काही बिघडलं नव्हतं." तूबानं डाव्या हातानं चप्पल उचलली. मला ती चप्पल बघून इतका आनंद झाला, की दोन क्षण मी पळायचंच विसरलो.

२९ इस्फंद, मंगळवार

वर्षाचं शेवटचं पान. संध्याकाळी वर्ष बदलेल, मर्जान मुलांना घेऊन पोचलीय, पोरं पाहुण्यांच्या खोलीत लोळताहेत. तूबाची वहिनी दुपारी येऊन कोट परत देऊन गेली. म्हणाली, तुमचा निरोप मिळाला. निरोप म्हणजे, तूबा सकाळीच तिच्या दारात जाऊन उभी होती.

दोन दिवसांत तूबानं मी आवरलेलं सगळं घर पुन्हा आवरलंय. "ही फळी कुणी पुसली?" "मी." "दिसतंय." रजया पेटीतून काढून परत घडी घातल्या. पडदे एका बाजूला आखूड टांगले होते म्हणून शिडी मागितली, मी दिली नाही, त्यावरून ओरडली. आगा म्हणूनच ओरडली, नौजर म्हणून नाही. मसुराचे अंकुर मात्र तिनं ताटाच्या मधोमध ठेवलेत. उंच आलेत, जरा वाकडे. येईल त्याला सांगतेय, "हे आमच्या आगांनी वाढवलेत."

आत माशाची फोडणी चाललीय. डब्यांचा खडखडाट ऐकू येतोय, झाकणं उघडताहेत, बंद होताहेत, एक झाकण खाली पडलं.

"आगा!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "हळद कुठं ठेवलीत?"

चहाच्या डब्यामागं. डोळे मिटून सांगीन.

"मला काय माहीत!" मी इथूनच ओरडलो. "तुझं घर, तूच शोध!"